काळी, पांढरी आणि रूळ : प्रतिकृती-रेल्वेच्या देखाव्याचा इतिहास व हदगावकडील एक प्रयत्न

आगगाडीची लहान, चालती प्रतिकृती करणे हा एक छंद आहे. आणि त्या गाडीभोवती डोंगर, ओढे, शेते, घरे व माणसे उभी करून देखावा सजविणे हा त्या छंदाचा केवळ एक अलंकार आहे, असे सामान्यतः समजले जाते. इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकाने अशा विषयात लक्ष घालावे ह्याचे ह्या पत्रिकेच्या वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकासही ते एकेकाळी वाटले असते. परंतु ह्या देखाव्याचा इतिहास पाहू लागल्यावर आणि पुढे विद्यार्थ्यांबरोबर तसा एक देखावा स्वतः रचण्याचा प्रसंग आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्याला इंजिनाचा नकाशा पुरतो. देखावा करणाऱ्याला मात्र स्थळ कोणते, वर्ष कोणते आणि महिना कोणता, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. ही उत्तरे दिली की तो देखावा हे एक ऐतिहासिक विधान ठरते, आणि विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे असू शकते.

प्रथम इतिहास पाहू. जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्कलिन ह्या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातील गाड्या मांडल्या, त्या वेळी रुळांच्या रुंदीची निश्चित मापे ठरवून दिली. एक डबा घेतला की पुढच्या वर्षी त्याच मापाचा दुसरा घेता यावा, हा त्यामागील व्यापारी हेतू होता. ह्या गाड्या जमिनीवर, गालिच्यावर धावत. त्यांना स्थानके होती, सिग्नल होते, पण भूमी नव्हती. पुढे १९२० साली इंग्लंडात हॉर्नबीच्या गाड्या निघाल्या, तेव्हाही स्थिती फारशी वेगळी नव्हती. पालटाचे खरे कारण माप लहान होणे हे होय. १९२२ च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने टेबलावर मावणारी गाडी काढली. १९३५ साली ट्रिक्स व मेर्कलिन ह्यांनी त्याच आकाराच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. गाडी जमिनीवरून टेबलावर आली, म्हणजे ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या जवळ आली. टेबलाला कडा असते; कडेच्या आत काय आहे हे मग कोणीतरी ठरवावे लागते. येथून देखाव्यास आरंभ झाला असे म्हणावयास हरकत नाही. आज जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या मापास ‘एच-ओ’ म्हणतात. त्यातील ‘ओ’ हे अक्षर नसून मुळात शून्य हा आकडा आहे, आणि ‘एच’ म्हणजे अर्धे. ‘शून्य’ नावाच्या जुन्या मापाचे हे अर्धे, म्हणून अर्धशून्य. शून्याचे अर्धे करून त्यातून काही शिल्लक राहते हे गणितात नाही तरी बाजारात शक्य असते!

देखाव्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत इंग्लंडचे जॉन अॅहर्न ह्यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. त्यांची मॅडर व्हॅली ही रेल्वे काल्पनिक होती, पण तिच्यातील घरे, गल्ल्या व टेकड्या इतक्या आस्थेने केलेल्या होत्या की गाडी ही त्या मुलखातून जाणारी एक पाहुणी वाटावी. लघुभूदृश्यरचनेवरील त्यांचे पुस्तक १९५१ साली निघाले. तथापि ह्या विषयाच्या इतिहासात सर्वांत विचारार्ह प्रयत्न रॉय इंग्लंड ह्यांचा आहे. हे गृहस्थ मूळचे ऑस्ट्रेलियाचे; १९२५ साली ते इंग्लंडात आले आणि बर्कशायरमधील एका खोऱ्यातील गवती छपरांच्या घरांच्या प्रेमात पडले. पाहता पाहता ही घरे मोडली जाऊ लागली, छपरे बदलू लागली. ती वाचविणे आपल्या हाती नाही, मग निदान जशीच्या तशी मोजून, लहान आकारात करून ठेवावीत, असे त्यांनी ठरविले. १९५४ साली त्यांचे पेंडन हे संग्रहालय स्थापन झाले. तेथील देखाव्यात १९३० च्या दशकातील खोरे आहे. एकेक घर पुठ्ठ्याचे, पण त्याची भिंत कोठे फुगली होती हेही त्यात उतरविले आहे. येथे रेल्वे हे निमित्त उरले आहे. नाहीशा होणाऱ्या मुलखाची नोंद हे कार्य झाले आहे. अॅहर्न ह्यांची मॅडर व्हॅली ही देखील आज ह्याच संग्रहालयात जतन केलेली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जॉन अॅलन ह्यांनी जमिनीपासून छतापर्यंत जाणारे पर्वत उभे करून ह्या कलेला नाट्य दिले. परंतु १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि काही दिवसांतच ती सारी रचना आगीत नष्ट झाली. पेंडनचे काम एका संस्थेने पुढे चालविले, अॅलन ह्यांचे त्यांच्या घरातच राहिले. एवढाच फरक, पण तो निर्णायक ठरला.

महाराष्ट्रात ह्या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध स्थान म्हणजे पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी ह्यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय. ते १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. एका माणसाच्या बालपणीच्या आवडीतून आणि पुढे अनेक वर्षांच्या खटपटीतून हे छोटे नगर उभे राहिले. त्यात गाड्यांच्या मार्गांचे जाळे आहे, डोंगरावर चढणारी गाडी आहे, सर्कस आहे. दिवस मावळून दिवे लागतात तो क्षण लहान मुलांबरोबर मोठ्यांनाही चकित करतो. प्रस्तुत लेखकाने ते दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा मनापासून आनंद घेतला. मात्र दुसऱ्या वेळी एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. त्या नगराची घडण प्रामुख्याने युरोपीय आहे. ह्यात दोष दाखविण्याचा हेतू नाही. ज्या काळी ते काम झाले त्या काळी ह्या मापाची गाडी परदेशातून यावयाची, आणि गाडीबरोबर घरे, झाडे, माणसे हीही तिकडचीच मिळावयाची. जर्मनीच्या काळ्या अरण्यात १९४६ साली सुरू झालेल्या फालर कंपनीची उतरत्या छपरांची घरे जगभरच्या टेबलांवर उभी आहेत. ज्या छपराचा उतार हिमवर्षाव लक्षात घेऊन ठरलेला, त्याच्याखाली दख्खनचा माणूस कसा राहील, हा प्रश्न कारखानदाराच्या कक्षेत येत नाही. तो आपल्या कक्षेत येतो.

घरांचे सोडा, आमचे रूळच ह्या मापात बसत नाहीत. एच-ओ मापात मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग केलेला असतो आणि रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे योग्य रूप आहे. आमचा रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याचे सत्त्याऐंशीवे रूप सव्वाएकोणीस मिलिमीटर येते. म्हणजे विकतच्या रुळांवर भारतीय रुंदमार्गी गाडी ठेवली की ती पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. ह्याच्या उलट मराठवाड्याचे झाले आहे, आणि ही गोष्ट मला फार मौजेची वाटली. आमचा जुना मार्ग मीटरचा. एक हजार मिलिमीटर भागिले सत्त्याऐंशी म्हणजे साडेअकरा. आणि स्वित्झर्लंडमधील मीटरमार्गी गाड्यांसाठी बारा मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. लातूरकडे १९११ साली पोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग अडीच फुटांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचे रूप पावणेनऊ मिलिमीटर, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तर सर्वत्र मिळतात. पुण्या-मुंबईच्या गाडीस जे रूळ बाजारात नाहीत ते नांदेड-लातूरच्या नाहीशा झालेल्या गाड्यांस मात्र आहेत.

ह्या मीटरमार्गाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. हिंदुस्थानात दशमान पद्धती लवकरच येईल ह्या अपेक्षेने १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या काळात मीटर हे माप निवडले गेले. पद्धती आली त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. निजामाच्या राज्यात गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग एकोणिसावे शतक संपता संपता, १८९९ ते १९०१ ह्या काळात, खुला झाला. त्यावरच नांदेड व मुदखेड ही स्थानके आहेत. पूर्णा-हिंगोली फाटा १९१२ सालचा. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असा आदिलाबादकडे जाणारा फाटा त्यानंतरचा. हा फाटा पुढे हदगाव तालुक्याच्या पूर्व भागातून जातो. हिमायतनगर हे स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण अलीकडे झाले, पूर्वी ते हदगाव तालुक्यातच होते, आणि लोकांच्या तोंडी त्याचे वाढोणा हे जुने नाव अजून आहे. खुद्द हदगावला मात्र रूळ कधी लागले नाहीत. निजामाची रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत गेली, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे झाली, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून चालू शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मराठवाड्यातील मीटरमार्ग टप्प्याटप्प्याने उखडून रुंद करण्यात आला. गाडी राहिली, तिच्या भोवतीचे मात्र बरेच गेले. भराव उंच झाले, मोऱ्या नव्या झाल्या, लहान स्थानकांच्या दगडी खोल्यांशेजारी नव्या इमारती आल्या, फाटकांच्या जागी भुयारी रस्ते आले. पेंडनच्या खोऱ्याची जी कथा, तीच ही.

आता प्रश्न असा की देखावा रचण्याची विद्या आपल्याकडे परकी आहे काय? माझ्या मते मुळीच नाही. दिवाळीत मुले किल्ला करतात तो पाहावा. विटा, दगड, डबे ह्यांचा उंचसखल सांगाडा रचावयाचा, चिखलाच्या राबडीत गोणपाट बुडवून त्यावर पसरावयाचे, वाळले की कडा-कपारी आपोआप उठतात. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरावयाची, चार दिवसांत कुरण तयार. अमेरिकेतील एका मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट ह्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगर करण्याची एक पद्धत लोकप्रिय केली : सांगाड्यावर, पातळ प्लास्टरमध्ये बुडविलेले कागदी रुमाल अंथरावयाचे. त्या पद्धतीचे तिकडे मोठे कौतुक झाले. ज्याने लहानपणी गोणपाट चिखलात बुडविले आहे त्याला त्यात नवे काय आहे, असे वाटल्यास तो गर्व समजू नये.

भेद आहे तो प्रमाणाचा. दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज दरवाज्यापेक्षा उंच असतात, मावळा त्यांच्या निम्म्याने, आणि बाजारहाट करणारी बाई मावळ्याएवढी. तेथे आकार हा मानाप्रमाणे ठरतो, अंतराप्रमाणे नव्हे. जुन्या चित्रांतही हेच आढळते. प्रतिकृती-रेल्वेत मात्र राजाही एकोणीस मिलिमीटरचा आणि सांधेवालाही एकोणीस मिलिमीटरचा. हा केवळ तंत्रातील फरक नाही. जगाकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत.

किल्ल्याची चाल पुण्याकडे व कोकणपट्टीत जितकी रुजलेली आहे तितकी माझ्या लहानपणी आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी. पहाटे घरातील बायका ताज्या शेणाच्या बोटभर उंचीच्या गवळणी करीत. एक ताक घुसळणारी, एक डोक्यावर घागर घेतलेली, एक दूध काढणारी, जवळ पेंद्या, आणि पाडव्याला पांडव. त्यांच्यावर झेंडूच्या पाकळ्या टोचलेल्या. एक आखीव चौक, त्यात गोठा, वाट, पाणवठा. हे एक संपूर्ण गोकुळ असे, आणि ते दुसऱ्या दिवशी मोडून पुन्हा नव्याने करीत. रॉय इंग्लंड टिकविण्यासाठी करीत होते. आमच्या आया मोडण्यासाठी. ह्या दोन वृत्तींपैकी इतिहासाला उपकारक कोणती, ह्याचे उत्तर वरवर वाटते तितके सोपे नाही. कारण दरवर्षी नव्याने करावयाचे म्हणजे दरवर्षी हाताला व तोंडाला ते आठवावे लागते. पेंडनच्या कपाटात घरे आहेत. आमच्याकडे कौशल्य आणि शब्द राहिले.

शब्दांचा हा भाग मला पुढे प्रत्यक्ष अनुभवास आला. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातील एका प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी रेल्वेचा देखावा करावयाचे ठरविले. प्लायवूडची आठ फूट बाय चार फुटांची एक फळी मिळाली. मुलांनी आराखडा आणला : स्थानक, गाव, नदी, पूल, डोंगर, धबधबा. मी त्यांना गणित करावयास सांगितले. आठ फुटांची फळी सत्त्याऐंशी पटीने मोठी केली तर २१२ मीटर भरते. मीटरमार्गावरील एक डबा सुमारे वीस मीटरचा. दहा डब्यांची गाडी उभी राहिली की फळी संपली. स्थानकही पुरते मावत नाही, मग सहस्रकुंडचा धबधबा कोठे घालणार? एक किलोमीटर दाखवावयाचा तर साडेअकरा मीटर लांबीची खोली हवी. तात्पर्य, देखावा म्हणजे मुलूख लहान करणे नव्हे. काय गाळावयाचे ते ठरविणे होय. ह्या ठिकाणी इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे डोळे चमकले, कारण साधनांची निवड हा विषय त्यांनी नुकताच परीक्षेसाठी पाठ केला होता. गाडी तीन डब्यांची झाली, धबधबा गेला, डोंगर गेला. उरले ते एक लहान स्थानक, एक मोरी, दोन शेते आणि गावाची कड.

ह्या कामी रेल्वेत गँगमन म्हणून काम करून निवृत्त झालेले, मुदखेड-किनवट मार्गावर आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ आम्हांस लाभले. त्यांना फळीसमोर बसविले. मुलांनी परदेशी बनावटीची हिरवी भुकटी पसरून गवत केले होते. म्हातारबांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “सर, महिना कोन्ता धरलाव?” आम्ही कोणताच धरला नव्हता. वर्ष धरले होते, १९८०. त्याचा आम्हांस अभिमानही होता. ते म्हणाले, असे हिरवे श्रावणात असते. पण मग ज्वारी नको, कापूस गुडघ्याएवढा पाहिजे, आणि रुळाच्या कडेला तरवड फुललेला पाहिजे. ज्येष्ठ धरला तर वावर नांगरून उघडे, धुऱ्यावरची बाभळ तेवढी हिरवी, पळस पानांचा, फुले केव्हाच गळलेली. आम्ही ज्येष्ठ धरला, मृगाच्या आधीचा आठवडा. हिरवी भुकटी खरडून काढावी लागली. वर्ष हे इतिहासकाराचे माप आहे आणि महिना हे शेतकऱ्याचे, हे त्या दिवशी मला समजले. भाषाशास्त्राच्या वर्गात मी काल ह्या विषयावर तासन्‌तास बोललो आहे; क्रियापदाचा काळ आणि वावराचा काळ ह्यांची गाठ मात्र घातली नव्हती.

त्यानंतर दोन महिने ते दर आठवड्यास येत आणि फळीवर बोट ठेवून बोलत. क्षेत्रकार्यात प्रश्नावली घेऊन गेल्यावर जे शब्द मिळत नाहीत ते येथे आपोआप येऊ लागले. ‘शेताच्या सीमेला काय म्हणता?’ असे विचारले की शिकलेला माणूस ‘बांध’ असे पुस्तकी उत्तर देतो; परंतु काडीने ओढलेली रेघ चुकली की “हा धुरा असा नाही जात” असे तोंडून निघते. दोन कुंपणांमधली गाडीवाट ती पांदण. गावाच्या कडेला गुरे गोळा होतात ते आखर. लोहमार्गाच्या हद्दीवर लावलेले ते केकताड, ज्याला ग्रंथात घायपात म्हणतात. शेतात गुरे आणि सालगडी राहतो ती जागा आखाडा. आमच्या एका पुण्याच्या पाहुण्याने हा शब्द ऐकून तेथे कुस्तीचा हौद असेल अशी समजूत करून घेतली होती. मोरी म्हणजे रुळाखालचा लहान पूल. घरातील मोरीशी तिचे नाते पाण्यापुरते. सिग्नलला ‘शिंगल’, प्लॅटफॉर्मला ‘फलाट’, स्टेशनला ‘टेसन’ हे तर सर्वत्रच आहे. त्या दोन महिन्यांत ह्या प्रकारचे जे शब्द टिपले गेले त्यांतील कित्येक प्रस्तुत लेखकाने प्रबंधासाठी केलेल्या वर्षभराच्या भटकंतीत एकदाही ऐकले नव्हते. कारण उघड आहे. प्रश्न माणसाला सावध करतो. चूक त्याला बोलते करते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा शब्द नवा नव्हता, जुना होता, आणि तो मला माहीत असूनही दिसला नव्हता. गावाची घरे कोठे मांडावयाची ह्यावर मुले वाद करीत असता म्हातारबा म्हणाले, पांढरी जरा वर घ्या, काळी खाली राहू द्या. मराठी महसुली कागदपत्रांत वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, हे प्रत्येक विद्यार्थी वाचतो. गावाच्या व्यवस्थेचे वर्णन करताना त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथाचा आपण सर्व आधार घेतो. पण कागदावर ही दोन नावे केवळ संज्ञा वाटतात. फळीवर ते दोन रंग होते, आणि दोन उंच्याही होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंती ढासळून, माळवदांची माती झिरपून वस्तीची जागा फिकट होते आणि भोवतालच्या शिवारापेक्षा उंच उठते, तीच पांढरी. तिच्यावर गढी असली तर ती आणखी उंच. म्हणजे आपल्या भाषेने मुलखाचा देखावा आधीच रंगवून ठेवला होता, आम्ही मात्र रंगाच्या डब्या शोधत होतो. उतरत्या छपरांची जी दोन जर्मन घरे एका विद्यार्थ्याने हौसेने आणली होती ती ह्यानंतर कोणी न सांगता उचलली गेली. त्यांच्या जागी पुठ्ठ्याची माळवदे झाली, वर सपाट, एका कोपऱ्यात पन्हाळ. मुंगीएवढ्या जिन्याने वर जाऊन वाळवण घातलेले दाखविण्याचा एका विद्यार्थिनीचा आग्रह होता. वाळवण ज्येष्ठात चालते, म्हणून तो मान्य झाला.

काळी करताना फजिती झाली ती सांगावयास हवी. खरी माती असताना रंग कशाला, म्हणून पैनगंगेकडच्या वावरातील काळी माती वस्त्रगाळ करून, डिंकाच्या पाण्यात कालवून पसरली. आठवड्याभरात ती उकलली. काळ्या मातीचा धर्मच तो. पाणी आटले की ती आकसते आणि भेगाळते. पण माती लहान करता येते, तिची भेग लहान करता येत नाही. बोटभर रुंदीची भेग सत्त्याऐंशी पटीने मोजली म्हणजे दीड मीटर. आमच्या दोन्ही शेतांतून नाले वाहू लागले. ग्रंथालयातील इंग्रजी पुस्तकांत ह्यावर उपाय नव्हता, कारण त्यांच्याकडे ही माती नाही. उपाय सांगितला एका विद्यार्थ्याच्या आजीने. तिने विचारले, शेण किती घातले? भुसा किती? भिंत सारवताना, गवळणी करताना जे प्रमाण तिच्या हातात होते ते तिने सांगितले : मातीच्या बरोबरीने शेण आणि मूठभर बारीक भुसा, वर थोडी वाळू. ह्या मिश्रणाला भेग पडली नाही, आणि भुशाच्या काड्या वाळल्यावर नांगरलेल्या वावरातील धसकटांसारख्या वर आल्या. त्या खोट्या करावयाच्या म्हटल्या असत्या तर जमल्या नसत्या. एका प्राध्यापक मित्राने प्रदर्शनात शेणाच्या वासाबद्दल नापसंती दर्शविली. ती नोंदवून ठेवतो.

स्थानकाच्या पाटीबद्दल मतभेद झाला. महाराष्ट्रातील स्थानकांवर नाव मराठीत, हिंदीत व इंग्रजीत लिहितात. मराठी व हिंदीची लिपी एकच असल्यामुळे पुष्कळदा तेच नाव तसेच दोनदा येते. परदेशी पाहुण्याला हा छपाईचा दोष वाटतो. मुलांचे म्हणणे, एवढ्याशा पाटीवर एकदाच लिहावे. म्हातारबांना लिहिता-वाचता बेताचेच येत होते, पण पाटीवर वरून खाली तीन ओळी असत हे त्यांना पक्के आठवत होते. तीन ओळी झाल्या. स्थानकाला नाव कोणते द्यावे ह्यावर मात्र एकवाक्यता होईना. कागदोपत्री हिमायतनगर, म्हातारबांच्या तोंडी शेवटपर्यंत वाढोणा. पाटीवर सरकारी नाव घातले, आणि फळीच्या कडेला आमच्या टिपणवहीत दुसरे. देखाव्यात दिसते ते आणि देखावा पाहून बोलले जाते ते, ही दोन वेगळी साधने आहेत. पहिल्याबरोबर दुसरे जपले नाही तर पहिले मुके राहील. पेंडनमध्ये पुठ्ठ्याची घरे आहेत, पण त्या घरांच्या बायका उंबऱ्याला काय म्हणत, तेथल्या गड्यांची बोली कशी होती, हे पुठ्ठा सांगू शकत नाही.

आमचे काम अर्थातच सदोष आहे. बाभळी वाळक्या काशीच्या मुळ्यांच्या केल्या त्या फार दाट झाल्या. कडब्याच्या गंजी प्रमाणापेक्षा मोठ्या आहेत, कारण करणाऱ्या मुलाच्या घरी शेती मोठी. हा दिवाळीच्या किल्ल्याचा न्याय येथे शिरलाच. मीटरमार्गी इंजिन मिळाले नाही. स्विस बनावटीच्या रुळांवर तीन डबे उभे आहेत, आणि वायपी इंजिनाची लाकडी आकृती पुढे जोडलेली आहे, ती चालत नाही. चालणारी गाडी नसलेला रेल्वेचा देखावा हे हास्यास्पद वाटेल. पण प्रदर्शनास आलेली म्हातारी माणसे गाडीकडे क्वचितच पाहत. ती मोरीकडे, आखराकडे, बाभळीकडे बोट दाखवीत आणि आपापसांत बोलत. विद्यार्थी वही घेऊन मागे उभे.

एक गोष्ट राहिली. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या नव्या रुंदमार्गाच्या आखणीत हदगाव आहे. त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडील वर्धा ते कळंब ह्या भागावर २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी सुरू झाली. त्यामुळे विद्यार्थ्यांची पुढची तुकडी दुसरी फळी मागू लागली आहे, हदगावची, रूळ येण्याच्या आधीची. सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ विकत मिळत नाहीत, ते हाताने ठोकावे लागतील. पण त्याला अवकाश आहे. सध्या त्या फळीवर आजीच्या प्रमाणाने कालवलेली काळी पसरली आहे आणि एका बाजूला पांढरीचा उंचवटा आहे. महिना कोणता धरावयाचा ते अद्याप ठरलेले नाही. म्हातारबांना निरोप धाडला आहे.